एकशे नऊ किलो पेलणारी घोडी

त्या साली माघात माझं वजन एकशे नऊ किलो होतं. हा अंदाज नाही. सोसायटीच्या गोदामात खताची पोती मोजायचा काटा होता, त्यावर चपला काढून, खिसे रिकामे करून मी उभा राहिलो होतो. गोदाम सांभाळणारे भिकूनाना काट्यावरचा आकडा वाचायचे आणि दर वेळी तोच विनोद करायचे, "दोन पोती युरिया, आन् वर नऊ किलो सुट्टं." मी वीस वर्षांचा होतो, इंदापूरला कॉलेजात कॉमर्स करत होतो. आमच्या घरात बाकी सगळी माणसं काटकुळी. वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, चोपन्न किलोचे. आई त्याहून कमी. तिच्या हातची बाजरीची भाकरी मात्र ताटाएवढी असायची. चुलीवरून उतरली की पापुद्रा फोडून ती त्यात काकवी ओतायची आणि माझ्यासमोर सरकवायची. दोन खाल्ल्या तर विचारायची, "बरं न्हाय का?" मी चार खायचो. पहाटे उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं निघायच्या, ट्रॅक्टरवरची गाणी लांबून जवळ यायची आणि पुन्हा लांब जायची, तेवढ्या वेळात माझी पहिली न्याहारी उरकलेली असायची. जाडेपणाचं दुःख मला फारसं नव्हतं. वर्गात बाकाच्या कडेला बसायचो, एवढंच. पण त्या वर्षी बिरोबाच्या जत्रेचा मान आमच्या घराकडं आला, आणि एकशे नऊ हा आकडा सगळ्या घराच्या बोलण्यात आला.

आमची माणसं पूर्वी मेंढरं राखायची. कालवा आला, ऊस आला, मेंढरं गेली, देव मात्र तोच राहिला. चैत्रातल्या जत्रेला देवाचा पितळी मुखवटा भीमेवर अंघोळीला नेतात आणि तिथून माळावरच्या देवळात घोड्यावरून आणतात. अंतर अडीच किलोमीटर, शेवटचा पाव किलोमीटर चढ. मुखवटा मांडीवर घेऊन घोड्यावर बसायचा मान पाच घरांत फिरतो, म्हणजे एका घराकडं पाच वर्षांनी येतो. त्याचे तीन नियम होते. बसणारा त्या घरातला बिनलग्नाचा थोरला मुलगा हवा. घोडं भाड्याचं चालत नाही, घरचं हवं; आणि घरचं म्हणजे जत्रेआधी सव्वा महिना त्यानं त्या घरच्या दावणीला खाल्लेलं हवं. तिसरा नियम कुणी बोलून दाखवत नसे. एकदा ज्या घराकडून चुकलं, त्या घराकडं मान पुन्हा फिरत नाही. पूर्वी घरं सहा होती. सहाव्या घरातला म्हातारा जत्रेत सगळ्यांच्या मागं, बाभळीखाली एकटा बसलेला मी लहानपणापासून बघत होतो.

मधल्या खेपांना बसलेले चुलते, चुलतभाऊ आता लग्नाचे झाले होते आणि मी एकुलता एक. त्यामुळं बसणारा कोण, हा प्रश्नच नव्हता. तात्या त्यांच्या तरुणपणी बसले होते आणि ती गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की आई मधेच पुढचं वाक्य बोलून टाकायची. पण मला घोड्यावर बसायचं नव्हतं. त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी काढत नव्हतं. मी पंधरा वर्षांचा असताना आमच्याकडं मेंढरांच्या काळातलं शेवटचं तट्टू होतं, हिरी नावाचं. पोरांच्या पैजेखातर मी तिच्यावर बसलो आणि ओढ्यापर्यंत दामटली. परत आलो तेव्हा ती पाठ वाकवून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी बसली ती तीन दिवस उठली नाही. उठली, जगली, पण पुन्हा कुणी तिच्या पाठीवर हात ठेवला की कातडी थरथरायची. मी त्या वेळी ब्याऐंशी किलोचा होतो आणि हिरी, आता हिशेब करतो तर, सव्वादोनशेच्या वर नसावी. तिच्या पाठीवर मी तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भार घातला होता. तेव्हा मला हा हिशेब येत नव्हता, पण कातडी थरथरलेली दिसत होती.

म्हणून मान आल्याचं कळल्यावर मी पहिली एसटी धरून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर शांत, सावकाश बोलणारे होते. मी विचारलं, घोड्यानं किती वजन न्यावं? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसले नाहीत, याबद्दल मी अजून त्यांचा ऋणी आहे. म्हणाले, "रोजचं काम असेल तर त्याच्या स्वतःच्या वजनाचा पाचवा हिस्सा. खोगीर धरून." मी तिथंच बेरीज केली. मी एकशे नऊ, आमचं पितळी फुलांचं जुनं खोगीर नऊ, मुखवटा सहा. एकशे चोवीस. गुणिले पाच, सहाशे वीस. डॉक्टर म्हणाले, "एवढी घोडी आपल्याकडं शोधू नका, म्हैस मिळेल." मग माझं तोंड बघून त्यांनी पुढचं सांगितलं. वयात आलेलं, कामाची सवय असलेलं जनावर असेल, नुसत्या चालीनं जायचं असेल, तेही वर्षातून एकदा तासभर, तर चौथा हिस्सा चालेल. "त्याच्यापुढं एक किलो नाही. आणि नुसतं वजन बघू नका. पाठ आखूड हवी, कंबर रुंद हवी, आणि गुडघ्याखालची नळी जाड हवी. उंचीला भुलू नका." घोडं काट्यावर न चढवता मोजायची रीतही त्यांनी कागदावर लिहून दिली: छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले अंगाची लांबी, भागिले तीनशे तीस, येतं ते पौंडात. तो कागद पुढं कितीतरी वर्षं माझ्या पाकिटात होता.

घोडी बघायला आम्ही अकलूजच्या रस्त्याला एका व्यापाऱ्याकडं गेलो. नूरभाई त्यांचं नाव. तात्यांनी गोठ्यात पाऊल टाकलं आणि त्यांचे डोळे एका जागी खिळले. पांढरीशुभ्र मारवाडी घोडी, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, मान अशी की आरशात बघून ठेवल्यासारखी. तात्या म्हणाले, "हीच." मी आईची शिवणाची टेप खिशातून काढली.

"काय मालक," नूरभाई तात्यांना म्हणाले, "घोडीला पोलकं शिवायचं हाय का?"

"पोरगं कॉमर्सला हाय," तात्या शरमून म्हणाले.

घेर सहासष्ट, लांबी बासष्ट. तीनशे एकाहत्तर किलो. चौथा हिस्सा ब्याण्णव. मुखवटा आणि खोगीर बाजूला ठेवलं तरी मी एकटाच सतरा किलो जास्त. पायाची नळी सात इंचांना जेमतेम पोचत होती, आणि पाठ लांब, मधे किंचित दबलेली. दिसायला देवाचं वाहन, पण ओझ्याला हिरीची मोठी बहीण. तिच्या शेजारी एक भीमथडी तट्टू होतं, आपल्याच नदीकाठची जात, ठेंगणं आणि चिवट. त्याची हाडं पाहून मला लोभ सुटला, पण त्याचं सगळं अंग मिळून अडीचशे किलो भरेना. आणि गोठ्याच्या टोकाला, शेणाच्या ढिगाजवळ, एक बदामी रंगाची घोडी उभी होती. कान साधे, तोंडावरचा पांढरा पट्टा एका बाजूला घसरलेला, पोटाचा आकार पिंपासारखा. नूरभाई म्हणाले, तिची आई भीमथडी आणि बाप मोठ्या हाडाचा, बाहेरून आणलेला. नवरदेवाला कुणी नेत नाही म्हणून पडून आहे. घेर सत्तर, लांबी चौसष्ट. चारशे एकतीस किलो. नळी साडेआठ इंच. पाठीवर टेप धरली तर आखूड आणि सपाट, कंबर ओट्यासारखी. मी तिच्यामागं उभा राहिलो आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हिच्यावर बसलेला मी फार मोठा दिसणार नाही.

"ही घोडी हाय का म्हस?" तात्या म्हणाले.

"डॉक्टर म्हणाले म्हस मिळंल म्हणून," मी म्हणालो.

निघताना ते पांढरीकडं वळून वळून बघत होते. पण घोडी बदामीच आली.

परवा बारामतीत एका ओळखीच्यांचा मुलगा भेटला. नोकरी चांगली, वजन पंचाण्णव, घोडेस्वारी शिकायचा नाद लागलेला. मला म्हणाला, काका, कोणत्या जातीचा घोडा घेऊ? मी त्याला सांगितलं, जात शेवटी विचार. आधी स्वतः काट्यावर उभा राहा आणि खोगिराचं वजन त्यात धर. मग घोड्याची नळी मोज, मग पाठ, मग घेर. एवढं सगळं जुळलं की त्याची जात जी असेल ती चांगली. त्यानं फोनमधल्या दोन उंच काळ्या घोड्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, दिसायला कसे वाटतात? मला तात्या आठवले.

माझा हिशेब असा होता. चारशे एकतीसचा चौथा हिस्सा एकशे सात. पितळी खोगीर सोडून गोधडीचं साधं घेतलं तर चार किलो, मुखवटा सहा. म्हणजे मला सत्त्याण्णववर यायचं होतं. मी काकवी सोडली, भाकरी चारवरून दीडवर आणली, कॉलेजच्या फाट्यापर्यंतचे तीन किलोमीटर चालू लागलो. आई ताट वाढताना तोंड फिरवून बसायची. बदामी दावणीला आली त्या दिवसापर्यंत मी एकशे सहावर होतो. जत्रेला अडतीस दिवस होते. एका वहीत मी दोन रकाने आखले, एकात माझं वजन, दुसऱ्यात घोडीचं. दर आठवड्याला मोजणी.

आता आमची चूक सांगतो. आम्ही बैलांची आणि उसाची माणसं. जनावर दावणीला आलं की त्याला भरवायचं, अंग चढवायचं, पाठीवर हात फिरवला तर हाड लागता कामा नये, हेच आम्हाला ठाऊक. त्यात ही देवाची घोडी. सकाळी तात्या उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं भारा भरून टाकायचे. दुपारी भरड्यात काकवी कालवून. आणि संध्याकाळी गावातल्या बाया यायच्या, प्रत्येकीच्या पदरात गुळाचा खडा. "देवाच्या घोडीला तेवढंच," म्हणायच्या आणि पाया पडायच्या. दिवसाला पंधरा-वीस खडे तरी होत असतील. आठव्या दिवशी घेर एकाहत्तर भरला, चारशे त्रेचाळीस किलो. पंधराव्या दिवशी बहात्तर, चारशे छप्पन्न. मी वहीत बघत राहिलो. छप्पन्नचा अर्थ, चौथा हिस्सा एकशे चौदा. त्यातून दहा गेले, एकशे चार. आणि मी त्या दिवशी एकशे तीनवर होतो! आणखी काही न करता मी बसायला लायक झालो होतो. होळी होती. मी आईला म्हटलं, वाढ. तिनं सहा पुरणपोळ्या वाढल्या आणि शेजारी बसून पदरानं वारा घालत राहिली. मी ज्या समाधानानं त्या खाल्ल्या, तसं जेवण मला लग्नातही मिळालं नाही.

त्याच दिवशी गावात बातमी झाली की घोडी नाचायला लागली. खरंच, दावणीला उभ्या उभ्या ती पुढचा एक पाय उचलायची, टेकवायची, मग दुसरा. अंग मागं झुकवून, ठेक्यात. ढोलवाले बघायला आले. कुणीतरी म्हणालं, देव अंगात आला तिच्या. त्या संध्याकाळी गूळ दुप्पट आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागाआत्या आली. तात्यांची थोरली बहीण, मोरगावकडं दिलेली. तिच्या घरी अजून मेंढरं होती, आणि लग्नाआधीची पंधरा वर्षं तिनं मेंढरांच्या फिरत्या वाड्याबरोबर तट्टांच्या मागं पायी काढली होती. बारामतीला एसटी बदलून, डोक्यावर बोचकं घेऊन ती अंगणात शिरली आणि पाणी प्यायच्या आधी घोडीकडं गेली. मानेवर हात ठेवून तिनं दाबलं. मग खाली बसून पुढच्या खुराला तळवा लावला. दुसऱ्या खुराला लावला. तशीच बसून राहिली.

"आत्या, नाचती बघ," मी कौतुकानं म्हणालो.

"तुला तव्यावर हुबा केला तर तू बी नाचशील," आत्या म्हणाली. "हात लाव हितं."

मी हात लावला. खूर भाकरीसारखा गरम होता.

मी वही आणली. आता हसू येतं, पण मला खरंच वाटलं की आकडे बघितल्यावर आत्याची समजूत पटेल. म्हटलं, "आली तवा चारशे एकतीस हुती, आता चारशे छप्पन्न हाय. पंचवीस किलो वाढली. ताकद वाढली."

आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "ह्ये पंचवीस किलो कुणाच्या पाठीवर हायेत रं?"

"घोडीच्या."

"मंग? तू बसायच्या आधीच एक पोरगं बसीवलंस की तिच्यावर."

मी वही घेऊन ओसरीवर बसलो. आत्याच्या म्हणण्याप्रमाणं बेरीज मांडली. घोडी चारशे एकतीसचीच धरायची, कारण तिची हाडं काही वाढली नव्हती. तिच्यावर मी एकशे तीन, खोगीर चार, मुखवटा सहा आणि हा पंचवीस किलो गूळ. एकशे अडतीस. ती दावणीला आली त्या दिवशी हीच बेरीज एकशे सोळा होती. सोळा दिवस उपाशी राहून मी बावीस किलोंनी जड झालो होतो. बेरजेत चूक नव्हती, आकडा चुकीच्या बाजूला मांडला होता. पुढं मी तीस वर्षं हिशेबाचीच नोकरी केली, पण एवढा मोठा धडा मला तिथं मिळाला नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी घोडीचा पाय उचलला, दाबला, तिनं मान झटकली. म्हणाले, गोड खाऊन खुरांच्या आत सूज आली आहे. दोन दिवस आणखी गेले असते तर आतलं हाड फिरलं असतं. "मग घोडं उभं राहत नाही," ते म्हणाले. "कायमचं." त्यांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, वाढं, गूळ, भरडा सगळं बंद. वाळला कडबा पाण्यानं धुऊन, तोही मोजून. रोज सकाळ-संध्याकाळ थंड पाण्यात उभी करायची. जत्रेला बावीस दिवस होते. मी विचारलं, बसता येईल का? ते म्हणाले, आदल्या दिवशी सांगेन.

पाहुणे, शेजारी निघून गेल्यावर मी तात्यांना म्हणालो, "डॉक्टर नको म्हणाले तर मी बसणार न्हाय."

"मान जाईल," तात्या म्हणाले.

"जाऊ द्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. गोठ्याकडं बघत म्हणाले, "बाभळीखाली बसायला मला लागंल, तुला न्हाय."

तिसऱ्या दिवशी पहाटे मी बदामीला घेऊन भीमेवर गेलो. गुडघाभर पाण्यात, मऊ गाळात उभी केली की ती मोठा उसासा टाकायची आणि पाय उचलायचं थांबवायची. अर्ध्या तासानं माझे पाय बधिर झाले. मागून कुणीतरी पाण्यात उतरल्याचा आवाज आला. तात्या होते, धोतर वर खोचलेलं. त्यांनी माझ्या हातातला दोर घेतला. "जा, एसटी चुकंल तुझी," म्हणाले. आणि मी काठावर चढल्यावर पाठीमागून, जसं काही पिकाबद्दल सांगावं तसं म्हणाले, "काल पंचांना सांगून आलो. घोडी बरी न्हाय झाली तर आमचं घर बाजूला. पोराचा काय दोष न्हाय, खायला मी घातलं." एवढं बोलून ते घोडीच्या गुडघ्यावर ओंजळीनं पाणी मारू लागले. त्या दिवशी मी चालत फाट्यावर गेलो तेव्हा अंगावरून पोतं उतरल्यासारखं झालं होतं. घोडी बरी व्हायची होती, मान राहायचा होता, काहीच ठरलं नव्हतं. पण आता तिच्या बाजूनं आम्ही दोघं होतो.

गुळाचा प्रश्न आत्यानं सोडवला. बायांना नाही म्हणणं तात्यांना जमेना. देवाच्या घोडीचा नैवेद्य परत कसा पाठवायचा? आत्यानं मळणीच्या वेळी बैलांच्या तोंडाला बांधतात ते दोरीचं मुसकं शोधून काढलं आणि बदामीच्या तोंडाला बांधलं. संध्याकाळी अंगणात गलका झाला.

"अगं भागाबाई, देवाच्या घोडीला मुसकं? पाप लागंल!"

"का? देवाची मान्सं उपास करत न्हायत व्हय?" आत्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. "घोडीचा सव्वा महिन्याचा उपास हाय. कुणाला मोडायचा आसंल त्यानं फुडं यावं. गूळ त्या घागरीत टाका, जत्रेला लापशी करू."

कुणी पुढं आलं नाही. घागर भरली, मग दुसरी भरली. जत्रेच्या लापशीला त्या साली दुकानातून गूळ आणावा लागला नाही.

मी पुन्हा दीड भाकरीवर आलो. या वेळी आईनं तोंड फिरवलं नाही. तिनं भाकरीच लहान थापल्या, म्हणजे दोन खाल्ल्यासारखं वाटायचं. आत्या रोज मला माळाचा चढ चढायला लावायची आणि खालून ओरडायची, "मानकरी, दम लागला का घोडीचा विचार आला?" बदामीचे खूर आठवड्यात निवले. दहाव्या दिवशी तिनं पाय उचलणं सोडलं. गावात लोक हळहळले की घोडी नाचायची थांबली. घेर बहात्तरवरून एकाहत्तर, मग साडेसत्तर, मग सत्तर. जत्रेच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या काट्यावर मी शहाण्णव भरलो. भिकूनानांना विनोद सुचेना. "दोन पोत्यांत बी कमी पडाय लागला," एवढंच म्हणाले. डॉक्टर आले, चारही खूर दाबले, घोडीला कडक जमिनीवर वळवून बघितलं. "चालीनं," म्हणाले. "दगडावरून नाही. चढावर थांबत थांबत."

थांबायचं कसं? देव निघाला की मिरवणूक थांबत नाही. पुन्हा आत्याच. तिनं ढोलवाल्यांना गाठलं आणि सांगितलं, चढाला तीन जागी गजी नाच झालाच पाहिजे, आमच्या घराचा नवस आहे. नवस कुणी केला होता कोण जाणे. पण नाचाला कोण नाही म्हणतो? प्रत्येक नाच पाच मिनिटांचा धरला तर घोडीला पंधरा मिनिटं श्वास मिळणार होता.

जत्रेच्या दिवशी नदीच्या घाटावर मी पायरीवरून तिच्या पाठीवर बसलो. शहाण्णव, चार, सहा. एकशे सहा. मर्यादेच्या आत एक किलो. मुखवटा मांडीवर आला, तो थंडगार होता, नदीचं पाणी अजून निथळत होतं. ती एक पाऊल टाकून थांबली. तिनं कान मागं केले, पुन्हा पुढं केले आणि चालू लागली. लोक भंडारा उधळत होते, चांगभलं म्हणत होते. मला त्यातलं फार काही आठवत नाही. आठवतं ते तिच्या खांद्याचं हाड, माझ्या गुडघ्याखाली मागं-पुढं सरकणारं, एका लयीत, दोन्ही बाजूंना सारखं. तात्या लगामाला होते. ते रस्त्यातले खडे पायानं बाजूला सारत होते, अडीच किलोमीटर. चढावर तीन वेळा ढोल घुमले, पोरं गोल धरून नाचली, आणि बदामी मधे उभी राहून फुरफुरत श्वास घेत राहिली. तिसऱ्या वेळी तिची मान घामानं काळी झाली होती. मी पुढं झुकून आयाळ धरली, मनात शेवटचे पन्नास मीटर मोजले, आणि मग देवळाचा दरवाजा आला.

मुखवटा पुजाऱ्यांनी घेतला. मी उतरलो. सगळी माणसं आत घुसली. तात्यांनी खोगीर सोडलं, आणि त्याखालची पाठ ओली, सपाट, कुठंही सुजलेली नाही. मी तिच्यावर हात ठेवायला गेलो तर आत्यानं माझं मनगट धरलं.

"हात लावू नगस. लांब हो. आता ती काय करती त्ये बघायचं. ओझं उतरल्यावर जनावर लोळलं आन् ह्या कुशीवरनं त्या कुशीवर फिरलं, तर पाठ धड हाय. दुखत आसंल तर लोळायचंच न्हाय."

आत आरती सुरू झाली. आम्ही तिघं बाहेर. बदामी उभी होती. तिनं मान खाली घालून जमीन हुंगली. तिथं घोटाभर भंडारा पडलेला. पुढचे पाय दुमडले. मला हिरी आठवली. ती बसली, मग एका कुशीवर आडवी झाली, पाय ताणले. तशीच पडून राहिली. तात्यांच्या ओठांवर काहीतरी चालू होतं, आरती नव्हती ती. मग तिनं एक झटका दिला, चारही पाय आभाळाकडं केले, क्षणभर पिंपासारखं पोट वर, आणि धपकन दुसऱ्या कुशीवर. परत या कुशीवर. परत त्या. बदामी घोडी पिवळीधम्मक झाली. उठली, आणि असं अंग झाडलं की आम्ही तिघं नखशिखांत पिवळे.

आत्या हसत खाली बसली. तात्यांनी डोळे पुसले आणि त्यामुळं भंडारा डोळ्यांत गेला, मग ते खरोखरच रडू लागले. मी देवळाच्या भिंतीला टेकून तिथंच मातीत पाय पसरले. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला कशाचाही आकडा नको होता. बदामी पायांशी आली आणि माझ्या सदऱ्याची बाही हुंगत उभी राहिली.